कच्चा दोरा

डोळे मिटा बघू. लबाडी नको, पुरते मिटा. आता समजा, तुम्ही एका कयाकमध्ये बसला आहात. होडी इतकी अरुंद, की हात पसरले तर दोन्हीकडे पाण्याला बोटं लागतात. धुकं असं, की आपल्याच वल्ह्याचं टोक दिसत नाही. मागे, चाळीस फूट खाली, शिशाचा गोळा वाळूवर टुक... टुक... करत तुमच्याबरोबर चालला आहे. आणि त्याच वाळूत अंग पुरून, दोन्ही डोळे वर लावून एक चपटा हॅलिबट मासा पडला आहे.

जूनमधल्या अशाच एका सकाळी माझी पुतणी डेल्फिना पिलर पॉइंट बंदराच्या बाहेर गळ ओढत चालली होती. धुक्यात कुणीतरी शिव्या देताना तिला ऐकू आलं. आवाजाच्या रोखाने गेली, तर एक कयाक लाटांना आडवी अडकलेली. शिसं खडकात रुतलं होतं, दोरा ताणला होता, आणि प्रत्येक लाट काठावरून आत येत होती. आतला तरुण गळाची काठी दोन्ही हातांनी ओढत होता.

“दोरा कापा!” डेल्फिना ओरडली.

“कापू? कालच घेतलाय!”

“आणि तुम्ही? तुम्हीही दुकानातून कालच आणलेले का?”

तो काही बोलायच्या आत तिने वाकून सुरी चालवली. होडी झटकन सरळ झाली.

“अहो, सगळं गेलं माझं! गोळा, पत्रा, गळ—”

“सगळं कुठे? तुम्ही राहिलात की.” ती धुक्यात निघालीसुद्धा.

“नाव तरी सांगा!”

“बंदरावर आमचं आविलांचं दुकान. तसलाच पत्रा मिळेल... शिकवणीसकट.”

दुपारी तो आला. क्रिसांतो दुमलाओ, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, स्टॉक्टनहून नुकताच इकडे आलेला. त्याच्या मागे एक आठ वर्षांची मुलगी. मायुमी त्याची भाची. तिची आई, म्हणजे क्रिसांतोची थोरली बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मामाच तिचं सगळं करत होता. दुकानाच्या कोपऱ्यात मी मुलांना गाठी शिकवतो, तिथे ती येऊन बसली. पहिलीच गाठ तिने दातओठ खाऊन आवळली.

इकडे डेल्फिनाने तीन कड्यांची फिरकी काउंटरवर ठेवली. “या कडीला काठीकडचा दोरा. या दुसरीला चार फूट लांबीचा जाड दोरा, पुढे हा चकाकता पत्रा, त्याच्या पुढे हातभर अंतरावर गळ. गळाला रबरी झालर आणि मांदेली. पत्रा झुलला की हॅलिबटला वाटतं, कुणीतरी जेवायला बसलंय. मग तो उठतो.”

“आणि तिसऱ्या कडीला शिसं.”

“शिसं. पण हा दोरा कच्चा हवा. बाकीच्या दोऱ्यांच्या निम्म्या ताकदीचा.”

“मुद्दाम कच्चा?”

“मुद्दाम. खडकात अडकलं तर तेवढंच तुटतं. शिसं दुसरं मिळतं हो.”

क्रिसांतोने कच्चा दोरा बोटांत फिरवून पाहिला. “मी सगळं एकाच जाड दोऱ्याने बांधलं होतं... काही म्हणजे काही सुटू नये म्हणून.”

“सगळंच घट्ट बांधलं, की आपणच बांधले जातो,” डेल्फिना हलकेच म्हणाली.

गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करायची असते, नाहीतर दोरा घासून जळतो. डेल्फिनाने ते रोजच्यासारखं केलं. क्रिसांतो मात्र घाईघाईने बशीतली आमिषाची मांदेली मोजू लागला.

“किती भरली?” तिने विचारलं.

“सहा... की सात. मधेच चुकलो.”

“चारच आहेत!”

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी धुक्यात दोन कयाक शेजारी शेजारी दिसू लागल्या. दोरे गुंतू नयेत एवढं अंतर, आणि बोललेलं ऐकू येईल एवढं जवळ. “हळू!” ती म्हणायची. “हॅलिबट घाईवाल्यांच्या मागे लागत नाही.” “मी कुठे हॅलिबटसाठी येतोय?” तो म्हणायचा, आणि मग दोघंही बराच वेळ नुसती वल्ही मारत राहायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऑगस्टमध्ये एकदा तो म्हणाला, “डेल्फिना... आपण तिघं... एकाच घरात राहिलो तर?”

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी तिने विचारलं, “मायुमीला विचारलंस?”

“ती लहान आहे गं.”

“तिचं हो येईपर्यंत माझंही हो नाही, क्रिसांतो. मन माझं... तुला माहीतच आहे. पण तिच्या डोक्यावरून नको.”

त्याने विचारलं. मायुमी ताटावरून उठली आणि खोलीचं दार लावून बसली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कोपऱ्यात आली. दोरा हातात घेऊन खाली मान घालून म्हणाली, “मामाचं लग्न झालं की मला स्टॉक्टनला आजीकडे पाठवतील.”

“असं डेल्फिना म्हणाली?”

“तिला विचारून काय उपयोग? मोठी माणसं बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात. आई बरी होणार, असंही सांगत होते.”

बाळांनो, मी दुसरा दोरा घेतला आणि तिच्याबरोबर गाठ बांधायला बसलो.

शनिवारी तिघं निघाली. मामा-भाची दोन माणसांच्या कयाकमध्ये, बाजूला डेल्फिना. दहाच्या सुमाराला मायुमीची काठी वाकली.

“हात लावू नको!” डेल्फिना म्हणाली. “नीट गिळू दे. दहापर्यंत मोज.”

मायुमीने ओठांतल्या ओठांत मोजलं आणि रीळ फिरवायला लागली. मासा खाली दडी मारी, पुन्हा वर येई. “डोकं पाण्याबाहेर नको, बिथरतो तो,” म्हणत डेल्फिनाने जाळं डोक्याकडून सरकवलं. मासा आत आला! उन्हाळाभर मायुमी याच माशाची वाट बघत होती.

बावीस इंचांच्या आतला हॅलिबट कायद्याने परत पाण्यात सोडावा लागतो. डेल्फिनाने मासा फळीवर पट्टीला लावून धरला.

“बावीस असणारच,” क्रिसांतो डोळा मिचकावत म्हणाला. “शेपूट जरा ओढ की.”

डेल्फिनाने फळी मायुमीकडे वळवली. “तूच वाच.”

मायुमीने दोनदा वाचलं. “साडेएकवीस.”

“अर्धा इंच कोण बघतंय या धुक्यात?”

“मायुमी बघतेय,” डेल्फिना म्हणाली.

तिने सोडलेला मासा हातातून निसटलेल्या ताटलीसारखा डुलत खाली गेला. मायुमीचे डोळे भरले होते, आणि त्यांत रागही होता. “बावीस म्हणाली असतीस तर मी तुझ्यावर खूश झाले असते.”

“माहीत आहे.”

“मग का नाही म्हणालीस?”

“साडेएकवीस होता म्हणून.”

मायुमी तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “लग्न झाल्यावर मला स्टॉक्टनला पाठवणार?”

डेल्फिनाने वल्हं मांडीवर ठेवलं. “नाही. पण मी तुझ्यावर कधीकधी चिडेन. सॉसेज रोज करपवेन, आमच्या घरात ती रीतच आहे. आणि तुझी आई... ती मला होता येणार नाही. हेही खरं.”

क्रिसांतोच्या थांबलेल्या वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

एवढ्यात वायव्येचा वारा सुटला. धुकं फाटलं, लाटांवर फेस आला, आणि किनारा एकदम लांब दिसू लागला. मामा-भाचीची जड होडी वाऱ्यावर मागे सरकू लागली. क्रिसांतो जीव तोडून वल्हवत होता, पण पुढे सरकणं काही होईना.

मायुमी रांगत होडीच्या पुढच्या टोकाशी गेली. तिथे बांधलेल्या दोरीचं मोकळं टोक तिने डेल्फिनाकडे फेकलं. ते मधेच पाण्यात पडलं. तिने ते ओढून घेतलं, दोरीची वेटोळी केली आणि उभी राहायचा मोह आवरून, बसूनच, पुन्हा फेकलं. या वेळी दोरी डेल्फिनाच्या मांडीवर पडली.

“बांध,” मायुमी म्हणाली. “आणि ओढ आम्हाला. मामा थकलाय.”

मग तिने पुढचं वल्हं उचललं आणि डेल्फिनाच्या हातांकडे बघत, तिच्याच तालात वल्हवू लागली.