उपाशी हेडफोन आणि तीन डब्या

"तुमचे हेडफोन उपाशी आहेत."

तिने इकडेतिकडे पाहिलं. वाक्य वरून आलं होतं. दुकानाच्या दारात एक तरुण स्टुलावर उभा राहून पाटीवरची धूळ पुसत होता, आणि त्याची नजर तिच्या गळ्यातल्या भल्यामोठ्या हेडफोनवर होती. ती खरं तर आईचा चष्मा आणायला आली होती. शेजारचं चष्म्याचं दुकान उघडायला अजून पाव तास होता, बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून ती या छपराखाली उभी राहिली, एवढंच. पण उभी राहिली ती राहिलीच म्हणायची.

"उपाशी म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे... हे स्टुडिओतले आहेत ना? यांची भूक मोठी असते. तुम्ही नुसत्या फोनला जोडत असाल, तर आवाज पूर्ण वाढवूनही मिळमिळीतच येत असेल."

येत होता. त्या मिळमिळीत आवाजापायीच तिची झोप उडाली होती.

ती बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओत कामाला होती. निवेदक पुस्तक वाचून जायचे आणि मग ती अख्खं पुस्तक कानाने तपासायची. चुकलेला शब्द, गिळलेलं अक्षर, खुर्चीची करकर, सगळं वेळेसकट एका तक्त्यात टिपायचं आणि समोर शेरा मारायचा: 'पुन्हा वाचा', 'काढा' किंवा 'तसंच ठेवा'. ती इतकी तिखट कानाची, की स्टुडिओत तिचं नावच तिखटकान पडलं होतं. गेल्या महिन्यात मात्र तिखटकानाने माती खाल्ली. एका गंभीर कादंबरीत, ऐन निरोपाच्या प्रसंगात, निवेदकाचं पोट गुरगुरलं आणि ते जसंच्या तसं श्रोत्यांपर्यंत पोचलं. स्टुडिओच्या मॅडम ओरडल्या नाहीत. पुढच्या पुस्तकात काही सुटलं तर ऐकण्याचं काम बंद आणि वेळापत्रकाच्या टेबलावर बदली, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. ते पुस्तक आजपासून दहा दिवसांनी येणार होतं. ऐकण्यावाचून दुसरं कुठलं काम तिला जमत नव्हतं, आणि जमायला नकोही होतं.

हे सगळं तिने एका अनोळखी माणसाला का सांगितलं कोण जाणे. पोटाच्या गोष्टीला तो हसला नाही, म्हणून असेल.

हेडफोन-स्पीकरचं ते दुकान त्याच्या मामांचं होतं. मामा आतल्या खोलीत बसून जुने रेडिओ दुरुस्त करायचे आणि भाचा पुढे काउंटर सांभाळायचा. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि समजावलं. फोनमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा हे एक काम, आणि तो आवाज मोठ्या हेडफोनला पुरेल इतका ताकदीचा करायचा हे दुसरं. ही दोन्ही कामं करणारी छोटीशी डबी मिळते, काडेपेटीएवढी, खिशात मावणारी. फोन आणि हेडफोन यांच्या मध्ये ती जोडायची, की झालं.

"मग द्या एक," ती म्हणाली.

"अशी नाही घ्यायची. आधी ऐकायची, तीसुद्धा न बघता."

त्याची पद्धतच तशी होती. डब्या रुमालाखाली झाकायच्या आणि सगळ्यांचा आवाज मोजून सारखा करायचा, कारण जी डबी जराशी मोठ्याने वाजते तीच माणसाला चांगली वाटते. तिने डोळे मिटून पहिली डबी ऐकली, मग दुसरी. दुसरी कितीतरी स्वच्छ आहे, शब्द सुटेसुटे येतात, असं तिने ठामपणे सांगून टाकलं.

त्याने रुमाल उचलला. खाली एकच डबी होती.

"दोन्ही वेळा हीच वाजली," तो हसत म्हणाला. "सगळ्यांचं असंच होतं."

सगळ्यांचं होत असेल, पण सगळ्यांच्या नोकऱ्या कानावर चालत नाहीत. तिचा चेहरा उतरला. चष्म्याचं दुकान उघडलं असेल असं काहीतरी पुटपुटत ती उठली आणि निघून गेली. आई चष्मा लावून म्हणाली की आता सगळं लख्ख दिसतंय, तुझं फुगलेलं तोंडसुद्धा.

चौथ्या दिवशी ती परत गेली. डबी तर हवीच होती, असं तिने स्वतःला बजावलं. तो तिला बघून उभाच राहिला.

"त्या दिवशी मी शहाणपणा करायला गेलो. तुमची नोकरी पणाला लागलीय हे माहीत असताना," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"तुमचं बरोबर होतं. मी कानाने ऐकलंच नाही, मनाने ऐकलं."

"मग आज कानाने ऐका," तो म्हणाला, आणि काउंटरच्या पलीकडून जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर ती रोजच जाऊ लागली. एक डबी तिला कर्कश वाटायची, दुसरीत पाठीमागे बारीक सूं ऐकू यायची, आणि तिसरीबद्दल काही म्हणण्याआधी गप्पाच सुरू व्हायच्या. तो तिला विचारायचा, आता माझ्या बोलण्यात काय चूक सापडली? ती सांगायची की तुम्ही 'म्हणजे' फार म्हणता. म्हणजे... म्हणून तो अडखळायचा आणि दोघं हसायचे. आतून मामांचं खाकरणं ऐकू यायचं. पहिल्या भेटीला सहा दिवस उलटले तरी निवड काही होईना. पुस्तक सोमवारी येणार होतं. डबी घेतली की काम सुरू होणार होतं, हे तिला कळत होतं. डबी घेतली की इथे यायचं निमित्त संपणार होतं, हेही तिला कळत होतं, आणि त्यानेच जिवाला घोर लागला होता.

शुक्रवारी त्यानेच तोडगा काढला. तिचं काम बोलण्याच्या आवाजाचं, मग गाणी ऐकून निवड कशी होणार? त्याने काउंटरवर दोन माइक ठेवले, एक एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, आणि वाचायला दुसरं काही सापडेना म्हणून वॉरंटीचं पत्रक हातात घेतलं. आधी एकेका माइकजवळ वाकून "हा डावा... हा उजवा" म्हटलं. मग "ही वस्तू ओलाव्यापासून जपा, उंचावरून पाडू नका," असं तो अशा काही हळव्या आवाजात वाचत गेला, की तिला हसू आवरेना. इतक्यात मॅडमचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तो घाईघाईने रेकॉर्डिंग बंद करत होता.

ते रेकॉर्डिंग आणि तिन्ही डब्या त्याने तिला दोन दिवसांसाठी घरी दिल्या. ओळखायला लाल, पिवळं आणि हिरवं रबर लावलं, आणि आवाज कुठे ठेवायचा ते प्रत्येक डबीवर पांढऱ्या ठिपक्याने दाखवून दिलं. कुठली भारी आणि कुठली स्वस्त, ते मात्र सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी ती आपल्या खोलीत दार लावून ऐकायला बसली. आधी नुसत्या फोनवर ऐकलं. वॉरंटीचं वाचन संपलं, पुढे नुसती खरखर होती. मग लाल रबराची डबी लावली. खरखरीच्या पलीकडे कुणीतरी बोलतंय असं वाटलं, शब्द कळेनात. पिवळीत त्या सूंने सगळं खाऊन टाकलं. शेवटी तिने हिरवी लावली आणि डोळे मिटले.

लांबून, आतल्या खोलीतून, मामांचा आवाज आला. "आठवडा झाला रे. ती मुलगी घेणार आहे का काही?"

आणि मग जवळून, अगदी हळू, त्याचा. "न घेतली तर बरं, मामा. घेतली की परत कशाला येईल?"

तिने हेडफोन काढले, पुन्हा घातले आणि तेवढाच तुकडा अकरा वेळा ऐकला. ती खूश होती, इतकी खूश, की आईने दार वाजवलेलं त्या तिखट कानांना ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा मामा नेहमीसारखे आत होते. तिने तिन्ही डब्या काउंटरवर मांडल्या आणि शेजारी स्टुडिओतला एक तक्ता ठेवला, नीट भरलेला. तो वाचू लागला.

'हा डावा' म्हटलं, आवाज उजव्या कानात. पुन्हा वाचा.

"म्हणजे... माइक मी तुमच्या बाजूने लावले," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही समोर बसला होतात ना. तुमचा डावा तो माझा उजवा. बोलताना विसरलो."

"पुढे वाचा."

कागदाची चुरचुर. काढा.

मागून मामा. तसंच ठेवा.

शेवटच्या ओळीशी तो थांबला. तिथे त्याचंच वाक्य होतं, त्याच्याच शब्दांत, आणि समोर शेरा होता: तसंच ठेवा. त्या दोन शब्दांखाली तिने दोनदा रेघ ओढली होती. त्याचे कान लालबुंद झाले.

"हे... ऐकू आलं तुम्हाला?"

"हिरव्या डबीत आलं. हीच घेणार मी."

तो हसला. तिन्हींत सर्वात स्वस्त तीच होती, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. खोका काढला, डबी आत ठेवली, झाकण लावलं... आणि खोका हातातच धरून राहिला. आत मामांचा पेचकस वाजायचा थांबला होता.

"मग आता उद्यापासून..." तो म्हणाला.

"पहिल्या ओळीतली चूक राहिलीय की. 'पुन्हा वाचा' लिहिलं, की पुन्हा रेकॉर्ड करावंच लागतं. आणि मला ऐकायला यावंच लागतं."

त्याने खोका उघडून डबी बाहेर काढली आणि माइक, फोन, डबी, हेडफोन, सगळं एकाला एक जोडलं. तिने हेडफोन कानावर चढवले. त्याने दोन्ही माइक जवळ ओढले.

"हा डावा," तो म्हणाला, आणि आवाज तिच्या डाव्या कानात आला. "हा उजवा." तोही बरोबर आला. मग तो माइकजवळ आणखी वाकला. त्याचा श्वास तिला स्वच्छ ऐकू येत होता.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. डबी घ्या, नका घेऊ... पण येत जा."

या खेपेला तो एकदाही 'म्हणजे' म्हणाला नव्हता. प्रत्येक अक्षर सुटं आणि ठसठशीत होतं, कुठे खरखर नाही, कुठे करकर नाही. तिखटकानाला काढायला एकही चूक नव्हती. तिने तक्ता पुढे ओढला, नवी ओळ घेतली, वेळ टाकली आणि समोर शेरा लिहून कागद त्याच्याकडे वळवला.

पुन्हा वाचा.