कापलेले श्वास

ते गाणं बंद करा आधी. नाही रे, चिडलो नाही. आवाज गोड आहे पोरीचा. पण आत्ता, अंधारात नको. का ते सांगतो, जरा जवळ सरका, हल्ली मला ओरडून बोलता येत नाही. आणि ऐकून झाल्यावर घरी जायची भीती वाटली तर सोडायला मी येणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा एक मित्र होता. आम्ही त्याला शिट्टी म्हणायचो. लहानपणी झोपाळ्याची फळी नाकावर बसली, हाड वाकडं झालं, आणि तेव्हापासून श्वास आत घेताना त्याच्या नाकात बारीक शिट्टी वाजायची. लपाछपीत बिचारा पहिला सापडायचा.

या शिट्टीला एका गाणाऱ्या बाईंचं वेड होतं. सोल म्हणतात त्या गाण्याला. पोटातून येतं आणि ऐकणाऱ्याच्या आतड्याला पीळ पाडतं. बाईंचं नाव काही फार मोठं नव्हतं, पण शिट्टीसमोर दुसऱ्या कुणाचं कौतुक करायची सोय नव्हती. रेकॉर्ड लावली की हा बाईंबरोबर गुणगुणायचा, आणि बाई जिथे श्वास घेतील तिथेच हाही घ्यायचा. इतक्या वर्षांची सवय, त्याचं त्यालाही कळायचं नाही. वहिनी म्हणायच्या, "सवत परवडली असती, निदान भांड्यांना हात तरी लावला असता." बाई वारल्या तेव्हा मात्र त्याच वहिनींचा मला फोन आला. "भाऊजी, येऊन जा. न्हाणीघरात नळ सोडून रडत बसलेत."

शिट्टीचं काम जुन्या टेपांचं. एका इमारतीच्या तळघरात त्याचा स्टुडिओ होता. अलीकडे यंत्रांची खोली, मधे काच, पलीकडे गाणाऱ्याची खोली. लोक जुनी रिळं आणून द्यायचे, हा ती साफसूफ करून कॉम्प्युटरवर घ्यायचा. तर एक दिवस बाईंच्या मुलीचा फोन आला. आईची एक शेवटची टेप आहे, म्हणाली. शिट्टी तसाच बस पकडून निघाला.

मुलीने डबा हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"आई शेवटी ऑक्सिजनवर होती," ती म्हणाली. "हे गाणं तिने नळी काढून गायलंय. जुन्याच मशीनवर, घरात पडलेल्या जुन्याच टेपवर, हट्टाने. धाप ऐकू येते, दादा. येऊ द्या. त्यातलं काहीही काढू नका."

"काढणार नाही," शिट्टी म्हणाला. परतीच्या बसमध्ये जागा होती तरी त्याने डबा मांडीवरच ठेवला.

आता त्याच्या धंद्यातली एक गोष्ट ऐका. जुनी टेप चिकट होते. ती आधी मंद आचेवर शेकावी लागते, मग ती थोडी वाजते. बाईंची टेप इतकी गेलेली होती की एकदाच वाजणार, आणि वाजता वाजता तिच्यावरचा थर झडून जाणार. शिट्टीने ती शेकली, लावली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. यंत्राखाली तपकिरी भुसा पडला. टेप संपली. उरलं ते कॉम्प्युटरवरचं.

गाणं त्याने ऐकलं. आवाज तोच होता, पण दोन ओळींच्या मधला श्वास... बुडणारं माणूस वर येऊन घेतं तसा. शिट्टीला ते ऐकवेना. लोक यांना असं ऐकणार? आपल्या बाईंना? त्याने एक श्वास कापला. दोन्ही टोकं जोडली. छान जुळली. मग दुसरा कापला. प्रेमच होतं ते, दुसरं काही नाही. आठवडाभर बसून त्याने गाण्यातला शेवटचा श्वास काढला, कापलेले तुकडे पुसले, आणि मूळ गाणं पुसून त्याच्या जागी हे नवं ठेवून दिलं.

वहिनींना बोलावून ऐकवलं. त्या ऐकत राहिल्या.

"सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण ही श्वास कधी घेते?"

शिट्टीला राग आला. वहिनी घरी गेल्या.

नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार होता तो. रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेले. सोमवारी मुलगी येणार होती, म्हणून शिट्टीने दिवे मालवून, हेडफोन चढवून गाणं एकदा शेवटचं लावलं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरी. तो नेहमीसारखा बाईंबरोबर गुणगुणत होता. चौथ्या ओळीला त्याची छाती दुखायला लागली, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

आपण श्वासच घेतलेला नाही.

बाई थांबल्या तर हा घेणार. बाई थांबत नव्हत्या. त्याने तोंड उघडलं. हवा आत येईना. कसंबसं बटण दाबलं. गाणं थांबलं. हेडफोन काढून फेकला, तेव्हा कुठे श्वास आला.

शांतता.

आणि काचेपलीकडून... कुणीतरी श्वास घ्यायचा प्रयत्न केला.

नुसता प्रयत्न. घशातली ओढ. आत काही गेलं नाही.

थोडं थांबून पुन्हा.

पलीकडची खोली रिकामी होती. काचेवर आतून वाफ धरली होती. शिट्टी बघत होता... आणि पुन्हा ती ओढ. कोरडी. या वेळी काचेच्या अलीकडे. त्याच्या खुर्चीमागे.

त्यानंतर तो धावत आला तो माझ्याच दारात. हे सगळं मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. शुद्धीत होता. प्यायलेला नव्हता.

"कापलेले तुकडे असतील ना?" मी विचारलं.

"पुसले."

"टेप?"

"भुसा झाला तिचा." तो पायरीवर बसला. "नळी काढून गायल्या रे त्या. एकेक श्वास ओढून आणला. आणि मी कचऱ्यात टाकला."

"सकाळी जाऊ. मी येतो बरोबर."

"त्यांना आत्ता हवाय." तो उठला. "मी आयुष्यभर बाईंकडून घेतच आलो."

मी हात धरला. त्याने सोडवून घेतला. जाताना त्याच्या नाकातली शिट्टी मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. मग नाही.

सकाळी वहिनी आणि मी गेलो. शिट्टी काचेपलीकडे, गाणाऱ्याच्या स्टुलाला टेकून बसलेला. तोंड उघडं. अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेवटी सगळ्यांचं हृदयच थांबतं म्हणा. माईक कपाटात होता, वायर गुंडाळून खुंटीला. त्या रात्री तिथे काहीही रेकॉर्ड झालेलं नाही, हे नीट ध्यानात ठेवा.

सोमवारी मुलगी आली. आम्ही तिला गाणं लावून दिलं. ती रडली. म्हणाली, "बरं झालं, श्वास ठेवलेत."

वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

प्रत्येक ओळीआधी श्वास होता. पूर्ण, खोल. आणि प्रत्येक श्वासात एक बारीक शिट्टी.

ते गाणं माझ्याकडे आहे. नाही, लावणार नाही. त्यात शेवटची ओळ संपते. गाणं संपलं, आता श्वासाचं काय काम? तरी एक येतो. शिट्टी वाजते. श्वास आत जातो...

पुढे मी बराच वेळ ऐकत बसलोय, पोरांनो. तो बाहेर येत नाही.