मागच्या मेंढीमागं कळप

"थांबव! अगं, थांबव! सगळ्या मेंढ्या कुंपण सोडून भलतीकडे निघाल्या!" प्रबुद्ध ओरडला.

अक्षताने माउस गच्च धरला. पण मेंढ्यांना त्याचं काय! पडद्यावरच्या पाचही मेंढ्या एकदम उजवीकडे वळल्या आणि पडद्याबाहेर पसार झाल्या. मागे एकटा लांडगा उरला. तोही बिचारा उपाशीच!

१९९९च्या मे महिन्याची सुट्टी होती. कराडात खताच्या दुकानावरच्या माडीवर मानसिंग सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. आठवीत गेलेली अक्षता, तिचा चुलतभाऊ प्रबुद्ध आणि कवठे महांकाळहून मामाकडे आलेला राजवर्धन या तिघांनी तिथे एक खेळ बनवला होता. ज्या मेंढीवर माउसने टिचकी माराल ती वळायची. लांडगा येण्याआधी पाचही जणींना कुंपण घातलेल्या वाड्यात कोंडायचं. प्रोग्रॅम लिहिला अक्षताने. चित्रं काढली तिच्या सांगलीच्या मैत्रिणीने, पायलने, आणि ती फ्लॉपीतून आली. मेंढी चालते कशी हे सांगायचं काम राजवर्धनचं, कारण त्याच्या घरी मेंढरं पिढ्यान्‌पिढ्यांची.

उद्या टाउन हॉलमध्ये प्रदर्शन. काल संध्याकाळी खेळ अगदी झकास चालत होता, आणि आज हे!

आरडाओरडा ऐकून मानसिंग सर आले. पडद्याकडे एक नजर टाकून त्यांनी निदान केलं, "व्हायरस!"

सरांना व्हायरसची फार धास्ती. तो धुळीतून येतो असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे चपला जिन्यात काढाव्या लागत. चपला कुलपात, आणि खाली जायची वेळ आलीच तर दाराशी शिपाई किष्णातकाकांसह सगळ्यांसाठी एक रबरी स्लीपरचा जोड.

"ही सांगलीची फ्लॉपी कोणी आणली?"

"मी," अक्षता म्हणाली. "पण सर, ती कालही..."

"बाहेरची फ्लॉपी! उद्याचा खेळ रद्द. आणि उद्यापासून तुझंही नाव रद्द. तुझ्या आण्णांना आत्ता फोन करतो, ते येतील न्यायला."

सर फोन करायला आणि प्रदर्शनाचा फलक रंगवायला आपल्या केबिनमध्ये निघून गेले. अक्षताने बाहीने डोळे पुसले. तिचे वडील, आण्णा, ओगलेवाडीला रेल्वेत होते. वर्षभर मागे लागून तिने हा क्लास मिळवला होता. आता ते व्हायरस आणणारी पोरगी म्हणून तिला घरी नेणार!

"रडू नकोस गं," प्रबुद्ध म्हणाला. "रडलीस तर कीबोर्डात पाणी जाईल. त्याचाही व्हायरस होईल!"

अक्षता हसली, आणि नाक पुसून कामाला लागली.

"आण्णा यायच्या आत शोधायचं. चार मेंढ्या काढून टाकते. एकटीच ठेवू."

टिचकी मारली. मेंढी शहाण्यासारखी डावीकडे वळली. पुन्हा टिचकी, उजवीकडे. शेवटी वाड्यात जाऊन उभी राहिली.

"व्हायरस असता तर हिला सोडलं असतं का?" प्रबुद्ध म्हणाला.

"आता दोन."

दुसरीवर टिचकी मारताच दोघी वळल्या! राजवर्धन पुढे वाकला. "आगं, पुन्यांदा मार. मागचीवर मार."

अक्षताने मागच्या मेंढीवर टिचकी मारली. पुढचीही मुकाट्याने तिकडेच वळली.

"हे लय इपरित हाय गड्या! मेंढरं पुढचीच्या मागं जात्यात. हितं पुढची मागचीचं ऐकतीया! असलं मेंढरू आमच्या वाड्यावर असतं, तर माझ्या आज्यानं, तात्याबांनी, त्याला डाक्तराकडं न्हेलं असतं."

"म्हणजे जिच्यावर शेवटची टिचकी, तिचंच सगळ्या ऐकतात," अक्षता पुटपुटली. "पण का?"

का ते समजेना. डोकं तापलं, तसा राजवर्धन पाणी प्यायला खाली निघाला आणि दारातूनच परत आला.

"स्लीपर न्हाई! किष्णातकाका घालून च्या आणाया गेल्यात."

"मग थांब. जोड एकच. शेवटी ज्याने घातला, त्याच्याबरोबर तो चहाच्या टपरीवर," प्रबुद्ध म्हणाला. "आपण सगळे इथेच अडकलो."

अक्षता ताडकन उठली. "परत बोल!"

"काय? टपरी?"

"शेवटी ज्याने घातला...! अरे, सगळ्या मेंढ्यांत दिशा एकच झालीय! शेवटच्या मेंढीने ती घेतली की सगळ्या तिच्याच वाटेला!"

तिने प्रोग्रॅम उघडला. मेंढीचा एक साचा होता, त्यातून पाच मेंढ्या निघत. 'दिशा' नावाचा डबा तिने साच्याच्या आत ठेवला होता, म्हणजे प्रत्येक मेंढीच्या पोटात तिची तिची दिशा. आता तो आत नव्हताच! साच्याबाहेर, सगळ्यात वर, सर्वांसाठी मिळून एकच डबा होता.

"हे मी लिहिलं नाही. कोणीतरी उचलून बाहेर ठेवलंय."

"विचारलं तर कबूल कोण करणार?" प्रबुद्ध म्हणाला.

"विचारायचं नाही. कौतुक करायचं!" अक्षता म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आण्णा आले, अजून कामाच्या कपड्यांतच. सरही केबिनबाहेर आले. ते तोंड उघडणार इतक्यात अक्षता गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्या प्रोग्रॅममधला हा भाग इतका नीटनेटका कोणी केला हो? इतकी सुबक मांडणी आम्हाला जन्मात जमली नसती!"

"आमास्नी तर स्वप्नात बी न्हाई!" राजवर्धनने री ओढली.

सरांची छाती फुगली. "मीच! काल रात्री बसलो. प्रत्येक मेंढीला वेगळी दिशा कशाला? उधळपट्टी! सगळं सामाईक करून वर ठेवलं. घर कसं आवरलेलं पाहिजे!"

प्रबुद्धने वरच्या त्या एकाच डब्याकडे बोट दाखवलं. सरांना अर्थ जरा उशिरा कळला.

अक्षताने 'दिशा' उचलून परत साच्याच्या आत ठेवली. पाचही मेंढ्या आल्या. टिचकी मारली ती वळली, बाकीच्या आपापल्या वाटेने चालत राहिल्या. एकेक करून पाचही वाड्यात! लांडगा कुंपणाशी येऊन नुसता बघत बसला.

"मग व्हायरस कुठं होता, सर?" आण्णांनी अगदी नम्रपणे विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "होता. पण... तो चपला काढूनच आला होता." मग स्वतःच खो खो हसले. "अक्षता, चुकलो. नाव रद्द नाही, खेळही रद्द नाही. यापुढे तुला विचारल्याशिवाय त्या मेंढ्यांना कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा!"

खुर्ची ओढून आण्णा लेकीशेजारी बसले आणि म्हणाले, "मला पण एक मेंढी वळवू दे की."

दुसऱ्या दिवशी टाउन हॉलमध्ये त्यांच्या टेबलापुढे रांग हटेना. रांगेत राजवर्धनचे आजोबा तात्याबाही होते, पहाटेची गाडी धरून आलेले. त्यांनी माउस हातात घेतला, पाचही मेंढ्या वाड्यात घातल्या, आणि पडद्याजवळ वाकून एकेक मेंढी निरखली.

"मेंढरं झ्याक हायती," तात्याबा म्हणाले. "ज्येची त्येची चाल हाय. पोरांनू, नाव काढलंसा! पर येक सांगा, येवढा लांडगा फिरतूय, आन तुमचं कुत्रं कुठं हाय?"

अक्षताने खुर्ची पुढे ओढली.

"राजा, कुत्रं धावतं कसं ते सांग. लवकर!"