फरकाची फाईल

हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रे खोलीच्या पलीकडे, आम्हाला एक खोली दिली होती. पूर्वी तिथे मोडक्या खाटा ठेवायचे. आता दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि सतत घोंघावणारा एसी, एवढाच संसार. टेबलावर एका लोखंडी डब्यात आमचं कॉम्प्युटरचं, हिशेब करणारं कार्ड होतं, कंपासपेटीएवढं. त्या कार्डाला एकच काम येतं, पण ते इतक्या झपाट्याने येतं की बोलायची सोय नाही. अडचण एवढीच की त्याच्या पोटात जागा फार कमी.

काम समजायला सोपं आहे. हॉस्पिटलमधला प्रत्येक माणूस, प्रत्येक खाट, प्रत्येक नळ म्हणजे एक ठिपका. दोन गोष्टी एकमेकींजवळ आल्या की मधे एक रेघ. छातीवरचे बिल्ले ह्या रेघा आपोआप नोंदवतात. मग ह्या जाळ्यावर न्यूरल नेटवर्क चालतं, प्रत्येक ठिपक्याचे शेजारी बघतं आणि सांगतं की संसर्ग आता कुठून कुठे जाईल. उत्तर दोन सेकंदांत हवं होतं, येत होतं चाळीस सेकंदांत. तेवढ्यात नर्स पुढच्या खाटेपाशी पोचलेली असते.

म्हणून अख्खं जाळं दाबून-दाबून लहान करायचं आणि कार्डात बसवायचं, हे माझं काम. बॉस फोनवर म्हणाले होते, "कोंबा कसंही, पण पुढच्या आठवड्यात चालू दिसलं पाहिजे." मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. एखादी गोष्ट मनावर घेतली की मी जेवण विसरते, लोकांशी भांडते, पण ती करते. शिवाय दोन नंबर वॉर्डात माझी ताई नर्स होती. मागच्या वर्षी तिथल्याच संसर्गाने ती महिनाभर आडवी पडली होती. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकोणीस. तिनेच मला वाढवलं, लग्न झाल्यावरही स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिच्यासाठी हे यंत्र चालायलाच हवं होतं.

आधी मी आकड्यांची दशांशानंतरची शेपटं छाटली. मग रेघांची यादी ओळीने लावली आणि पूर्ण आकड्याऐवजी आधीच्या आकड्यापासूनचं नुसतं अंतर ठेवलं. तरी मावेना. शेवटी एकच उपाय राहिला. जे ठिपके जवळजवळ सारखे, त्यांचा मिळून एकच ठिपका करायचा. त्यात दोघांच्या मधला आकडा ठेवायचा, आणि कोण त्या मधल्यापासून किती वेगळं आहे ते निराळ्या फाईलमध्ये लिहायचं. तिला आम्ही फरकाची फाईल म्हणायचो. ती हाताशी असली की एकाचे पुन्हा दोन करता येतात.

जोड्या निघाल्या त्या बहुतेक खाटांच्या, दारांच्या आणि नळांच्या. माणसांची जोडी एकच निघाली. एक ताई, दुसरी तिच्याबरोबरची सिस्टर. त्या बाईंना मी येता-जाता पाहिलं होतं. ताईपेक्षा चांगल्याच बुटक्या, डावखुऱ्या, हसल्या तर हसल्या. दोघींची पाळी एक, पेशंट एक, चहाचं टेबलसुद्धा एक. अठ्ठ्याण्णव टक्के सारख्या.

"फाईल मावत नाही," मी म्हटलं. "टाकून देते."

तपासणीचं काम करणारा माझा सहकारी मान वर करून बघायला लागला. ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. "फरक टाकून देतेस?"

"दोन टक्के आहे रे. तेवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

"आणि मूळ नोंदी?"

"त्या रोज दुपारी दोनला पुसतात. नियम आहे, तूच सही केलीयस."

गुरुवारी दुपारी एक वाजता मी फाईल काढून टाकली. उत्तर दीड सेकंदात आलं. आम्ही मशीनची कडवट कॉफी पिऊन आनंद साजरा केला.

शुक्रवारी सकाळी आकडे ताडून बघायला मी दोन नंबर वॉर्डात गेले. दारातल्या फळ्यावर दिवसपाळीच्या दोन सिस्टरांची नावं एकाखाली एक असायची. आता एकच होतं. खाली पुसल्याची खूणही नव्हती.

"दुसऱ्या सिस्टर रजेवर आहेत का?" मी मेट्रनबाईंना विचारलं.

"कुठल्या दुसऱ्या? दिवसपाळीला इथे पहिल्यापासून एकच."

"अहो, त्या डावखुऱ्या..."

"डावखुरी तुमची ताईच ना?" मेट्रनबाई हसल्या. "असं काय करता?"

ताई खिडकीपाशी तक्ता भरत होती. पेन डाव्या हातात होतं. मधेच तिने ते उजव्या हातात घेतलं आणि पुढची ओळ लिहिली. अक्षर बदललं नाही. मला बघून ती म्हणाली, "ठमे, इकडे कुठे?" आणि मग पायांकडे बघत म्हणाली, "हे बूट बघ ना, कालपासून सैल होतायत." तिने टाचेशी कापूस कोंबला होता. तिचं डोकं माझ्या भुवईशी येत होतं. नेहमी मला मान वर करून तिच्याशी बोलावं लागायचं.

मी स्वतःला समजावलं की झोप कमी झालीय. संध्याकाळी घरी ती चमच्यांसाठी तीन खण उघडून बसली. मग आमच्यासमोर ताटं ठेवता ठेवता तिने विचारलं, "आईचा फोन आला होता का ग?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"हं. रविवारी करेल मग. रविवारीच करते ती."

जेवणं झाल्यावर भाऊजी मला गॅलरीत घेऊन गेले. "हिला काय झालंय? बारा वर्षं मला 'काय रे' म्हणणारी बाई कालपासून 'अहो' म्हणतेय. तेही बसमध्ये परक्याला म्हणतात ना, तसं." दुसऱ्या सिस्टर त्यांनाही आठवत नव्हत्या. ताई एकदा त्यांना घरी चहाला घेऊन आली होती, भाऊजींनी स्वतः चहा केला होता, तरी.

शनिवारी मी शंकासुराला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. त्याने जोड्यांची नोंद उघडली आणि बोट ठेवलं. "इथे दोन होत्या, एक झाली, असं लिहिलंय. मला त्या बाई आठवत नाहीत. पण माझ्या डोक्यापेक्षा माझा नोंदीवर विश्वास आहे."

"ताज्या नोंदींत?"

"एकच बिल्ला येतोय."

"मग फाईल हाताने लिहू," मी म्हटलं. "यंत्राने लिहिली तेवढीच चालते असं थोडंच आहे? फरक म्हणजे फरक. शब्दांत लिहू, आकडे मी करते."

"कार्डात चौसष्ट ओळींची जागा आहे," तो म्हणाला. "दोघींची मिळून."

रविवारी सकाळी मी आणि भाऊजी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. ताई आत झोपली होती, भिंतीकडच्या बाजूला, जिथे एरवी भाऊजी झोपतात. पहिल्या ओळी भराभर झाल्या. उजव्या हाताने लिहिते. घड्याळही उजव्याच मनगटात बांधते, लोक हसले तरी. झुरळ हाताने उचलते, पालीला मात्र भिते. मला ठमे म्हणते. आई नाही. ही शेवटची ओळ मी दोनदा गिरवली.

विसाव्या ओळीशी आमची गाडी अडली.

"फार चांगली आहे, लिही," भाऊजी म्हणाले.

"तो फरक नाही, भाऊजी. चांगल्या त्याही असतील."

आवडता रंग ते निळा म्हणाले, मी हिरवा म्हटलं. कपाट उघडलं तर निम्मे कपडे तपकिरी. आम्ही एकमेकांची नजर चुकवली. बारा वर्षांचा संसार आणि बावीस वर्षांची माया, दोन्ही मिळून अडतीस ओळी भरल्या. मला इतकी लाज वाटली की रडू फुटलं. मग मी इरेला पेटले. मावशीला फोन लावून तासभर छळलं. शाळेचे दाखले, जुने फोटो, ऑपरेशनचे कागद, काही सोडलं नाही. अकराच्या सुमाराला ताई उठून फोनपाशी येऊन बसली आणि तासभर तिथेच बसून राहिली. फोन काही वाजला नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या चौसष्ट ओळी पुऱ्या झाल्या.

सोमवारी शंकासुराने त्या शेवटपर्यंत वाचल्या.

"सगळ्या हिच्याच?"

"हो."

"निम्म्या त्यांच्या हव्यात."

"त्यांचं मला एकच माहीत आहे, डावखुऱ्या आहेत. तेवढ्यासाठी ताईची ओळ काढू?"

"एक तरी."

"त्यांचे घरचे बघतील त्यांचं."

"त्यांच्या घरच्यांना तरी त्या आठवतात का?"

मला माझी ताई हवी होती. दुसऱ्या कुणाचं काय व्हायचं ते होवो, असं त्या वेळी मला खरंच वाटत होतं, आणि आता ते लपवण्यात काही अर्थ नाही. बरोबर बारा वाजता मी बटण दाबलं आणि जिने चढत वर धावले.

फळ्यावर दोन नावं होती. औषधांच्या ट्रॉलीपाशी दोघी उभ्या होत्या. मेट्रनबाई नेहमीसारख्या कुणावर तरी ओरडत होत्या.

ताई उंच होती. घड्याळ उजव्या मनगटात होतं. "ठमे," ती म्हणाली, "जेवलीस का?"

मी भर वॉर्डात तिच्या गळ्यात पडून रडले. पेशंट बघत होते. बघू देत.

दोन दिवस घरात नुसता आनंद होता. भाऊजींना 'काय रे' ऐकू आलं की ते मुद्दाम पुन्हा हाक मारायला लावायचे. मी गुपचूप कागदावर खुणा करत होते. चौसष्टच्या चौसष्ट ओळी जुळल्या. माझ्या जिवात जीव आला.

बुधवारी भाऊजी म्हणाले, "एक विचारू? काल मला ठसका लागला, चांगला पाच मिनिटं. तिने वर पाहिलंच नाही."

"कामात असेल."

"असेल," ते म्हणाले.

गुरुवारी मी पुन्हा वॉर्डात गेले. पडद्यावरचे आकडे वाकून वहीत उतरवत होते. ताई ट्रॉलीपाशी गोळ्यांची पाकिटं लावत होती. दुसऱ्या सिस्टर माझ्या मागून चालल्या होत्या.

त्या थांबल्या.

माझ्या मानेला दोन बोटं लागली. कपड्याचं लेबल बाहेर आलं असावं. त्या बोटांनी ते आत सारलं, मग तळवा क्षणभर मानेवर टेकला आणि हलकेच थोपटलं.

"हं. झालं."

माझ्या हातातलं पेन पडलं.

शाळेच्या पहिल्या दिवसापासून, कॉलेजात, नोकरीवर, रोज घरातून निघताना मानेवर हा हात पडायचा. ताईचा हात. मावशीला विचारलं, फोटो धुंडाळले, कपाटं उपसली, पण हे मला आठवलं नाही. माझ्या पाठीमागे व्हायचं ते. मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी वळले. त्या बाई ओशाळल्या होत्या. "सॉरी हं, मॅडम. कसा कोण जाणे, हात गेला."

त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलेनात. पलीकडे ताई पाकिटं मोजत होती.

मी खाली गेले. कार्डात जागा नव्हती, हे मला माहीत होतं. तरी दोनदा बघितलं.

"मी काय-काय विसरले असेन?" मी शंकासुराला विचारलं.

त्याने छताकडे बघितलं, वॉर्ड होता त्या बाजूला.

शुक्रवारी सकाळी मी अंगातल्या कुर्त्याचं लेबल मुद्दाम बाहेर काढलं. ताई आरशासमोर केस सोडून उभी होती. मी जाऊन तिच्या पुढ्यात उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून.

केस मी वर धरले होते. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले. तिसापर्यंत मोजले.

मग तिचा हात पुढे आला, माझ्या मानेजवळून, खांद्यावरून, आणि तिने आरशाखालची फणी उचलली.