मुकीची बाजू

माझं काम कान तपासण्याचं. चष्म्याच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत यंत्र आणि मी, आतल्या खोलीत पेशंट, मध्ये जाड काच. आतल्या भिंतींना फोम लावलाय. दार लावलं की रस्त्यावरची वरात असली तरी आत ऐकू येत नाही. आतला माणूस बोलला की ते माझ्याकडच्या छोट्या स्पीकरवर येतं, आणि आवाज केवढा आहे ते शेजारचा काटा दाखवतो. यंत्राचं एवढं पुराण आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी याच यंत्रावर पाहिलं.

माझे मोठे काका लढाईत खेचरांच्या तुकडीत होते. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरवाटांनी दारूगोळा आणि पीठ वर चढवायचं. त्यांच्या वाट्याला एक मादी आली होती, तिला सगळे मुकी म्हणत. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्या तुकडीतल्या जनावरांच्या घशातले स्वरतंतू कापून आवाज बंद केलेले असत. "तिला कुणी विचारलं नव्हतं," एवढंच काका त्याबद्दल म्हणायचे.

बाकी मुकीच्या गोष्टी आम्ही पोरांनी इतक्या ऐकल्या होत्या की ती घरातलीच कुणी खट्याळ आत्या वाटायची. ती काकांच्या बुटांचे बंद सोडायची. साहेबाच्या खिशातली बिस्किटं पळवून मग असा साळसूद चेहरा करायची की शिक्षा भलत्यालाच व्हायची. थंडीत काका तिच्या पोटाला पाठ लावून झोपायचे. ती चालायची कायम त्यांच्या डाव्या हाताला. एका खिंडीत तोफेचा गोळा पडला तोही डावीकडेच. मुकी गेली आणि काकांचा डावा कान गेला. "माझ्या वाट्याचं तिनं घेतलं," इथे गोष्ट संपायची.

काका फिरायला न्यायचे तेव्हा त्यांचा उजवा हात धरण्यावरून आमची मारामारी व्हायची, कारण डाव्या बाजूला ते कुणालाच चालू देत नसत. डाव्या खिशात साखरेचे खडे असत, पण ते मागायचे नाहीत. घरी येईपर्यंत तो खिसा रिकामा व्हायचा. वाटेत काकाच खात असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी आठवल्या की मला अजूनही गलबलून येतं.

काकू म्हणायची, "लोक या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतात. यांना ती सोयच नाही." तिची खरी तक्रार वेगळी होती. काका रात्री चांगला कान उशीत दाबून आणि बहिरा कान वर ठेवून झोपत. जन्मभर तिनं ते हसण्यावारी नेलं. मग एका रात्री ती न्हाणीघरात पडली. मांडीचं हाड मोडलं, आणि हाका मारमारून घसा बसला तरी काका पहाटेपर्यंत जागे झाले नाहीत. त्यानंतर ते तिच्या नजरेला नजर देईनात.

काठी घेऊन का होईना, काकू हिंडूफिरू लागली तशी मी दोघांना बोलावून घेतलं. काकांना आत बसवलं, कानांवर हेडफोन लावला, हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबा, म्हटलं. उजवा कान वयाच्या मानानं ठणठणीत निघाला. डावा घेतला, सगळ्यात मोठा आवाज सोडला तरी काका ढिम्म. तो कान मेलेलाच होता. मी यंत्र थांबवून निकाल लिहायला घेतला, आणि बटणाचा दिवा लागला.

मी काही सोडलं नव्हतं. दिवा पुन्हा लागला, आणि थोड्या वेळानं पुन्हा. संथपणे, एका लयीत. मी हेडफोनची वायरच उपटली, तरी तो लागतच राहिला.

आत जाऊन विचारलं तर काका ओशाळले. "मुकी श्वास घेते तेव्हा दाबतो. ऐकू आलं की दाबा, असं तूच म्हणालीस ना?"

मेलेला कान स्वतःच आवाज तयार करतो, पुष्कळांना होतं, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली, लहान मुलाचं ऐकून घेतात तशी.

कानाच्या सर्जननं डाव्या कानात यंत्र बसवता येईल म्हटलं. शब्द नीट कळतील याची खात्री नव्हती, पण हाक कळेल. मात्र त्या कानात जे काही शिल्लक असेल ते कायमचं जाणार होतं. काकांनी मला बाजूला घेतलं.

"ती कुठे जाईल गं मग?"

"काका, ती तुमच्या डोक्यात आहे. कुठे जाणार?"

"डोक्यात नाही, पोरी. खांद्याशी असते." मग ते काकूकडे बघत राहिले. "मुकीला हाक मारता येत नव्हती. हिनं रात्रभर मारली. जिला आवाज आहे तिचं तरी ऐकायला हवं."

ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर एका दुपारी मी त्यांना पुन्हा आत बसवलं, उजव्या कानात बोळा घातला आणि नवं यंत्र सुरू केलं. डावीकडच्या खुर्चीत काकू बसली होती. तिनं भीत भीत हाक मारली, "अहो."

काका तिच्याकडे वळले. "डब्यात बसून बोलल्यासारखी येतेस," ते म्हणाले, आणि दोघंही हसता हसता रडली. काचेच्या या बाजूला मीही.

निघताना काका आतल्या खोलीच्या दारात थांबले. त्यांचा डावा हात दोर धरावा तसा अर्धवट मिटलेला होता. कितीतरी वेळानं त्यांनी बोटं उघडली. काकूनं तो हात धरला आणि दोघं जिना उतरून गेली. तिला त्यांच्या डाव्या बाजूनं चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी आतलं दार लावलं आणि यंत्र बंद करायला बसले.

स्पीकर चालू होता. त्यातून श्वास ऐकू येत होता.

रुंद, संथ, जनावराचा. काचेपलीकडे दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. स्पीकरचा दोष असणार म्हणून मी वायर हलवून पाहिली. श्वास तसाच.

मग त्याची लय बिघडली. तो कमीजास्त होत खोलीभर फिरू लागला, दाराशी आला, परत काकांच्या खुर्चीशी गेला.

खुर्चीशी तो थांबला.

एक मोठा श्वास आत घेतला गेला. ओरडण्याआधी घेतात तसा.

काटा सरकन उजव्या टोकाला जाऊन आदळला. खाली आला, पुन्हा आदळला. पुन्हा.

मी काचेला हात लावला. काच थरथरत होती.

स्पीकरमधून काहीच आवाज येत नव्हता.