चुकून पडलेले दोन थेंब

"मान मागं करा... डोळे मिटू नका हं."

आम्रपालीनं त्या तरुणाची पापणी अलगद ओढली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. "अहो, ऐका तरी—" एवढंच त्याला म्हणता आलं.

"झोंबतं थोडंसं. सगळ्यांनाच झोंबतं."

"पण मी पेशंट नाही... साताऱ्याहून आलोय. तुमचे कम्प्युटर बघायला."

बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या डोळ्यांच्या त्या छोट्या दवाखान्यात आज मोतीबिंदूचं शिबिर होतं. इस्लामपूर भागातल्या गावांतून आलेली म्हातारी माणसं सकाळपासून बाकांवर बसली होती. ऊसतोडीचे दिवस. उसाच्या गाड्यांमागून येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून आलेला राजरत्न धुळीनं चुरचुरणारे डोळे पुसत त्याच रांगेत टेकला होता. लाल डोळे, वाहतं पाणी... आम्रपालीला वाटलं, हाही शिबिराचाच.

"आता हो?" ती रडवेली झाली. "रात्रीपर्यंत तुम्हाला जवळचं पुसटच दिसणार."

"जवळचं म्हणजे... स्क्रीनसुद्धा?"

"स्क्रीन काय, स्वतःचा हातसुद्धा."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चक्क हसला. "मग आज तुमच्या डोळ्यांनी काम करू. वाचून दाखवाल ना?"

काम अडून चालणार नव्हतं. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर खालच्या तपासणीच्या खोलीत निघायचा आणि तो वर ऑपरेशनच्या खोलीतल्या कम्प्युटरवर दिसायचा. काल संध्याकाळपासून दवाखान्यातले तिन्ही कम्प्युटर एकमेकांना दिसेनासे झाले होते. मागच्या शिबिरात नंबरांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होता होता वाचली होती, म्हणून डॉक्टरमॅडमनी निक्षून सांगितलं होतं, "चिठ्ठीवरून मी ऑपरेशन करणार नाही. कम्प्युटर सुरू करा, नाहीतर सगळ्यांना परत पाठवा."

आणि त्या सगळ्यांत आम्रपालीची आईसुद्धा होती. गेलं वर्षभर आक्काताई लेकीला पावलांच्या आवाजावरून ओळखत होती.

"आगं, त्या मशिनीला बी मोतीबिंदू झालाय व्हय?" शेजारच्या भामाबाईनं विचारलं, आणि अख्खा बाक हसला.

राजरत्न भिंतीलगतच्या काळ्या तारेवरून बोटं फिरवत निघाला. एकच तार तिन्ही कम्प्युटरना जोडत वर गेली होती. जिन्यात तो अडखळला. तिनं पटकन त्याचा हात धरला... आणि जिना संपल्यावर सोडायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

"चोर सापडला," तारेचं टोक चाचपत तो म्हणाला. "इथं टोपी हवी होती. अंगठ्याएवढी, लोखंडी. ती नसली की तारेतला निरोप टोकाला आपटून माघारी फिरतो आणि सगळाच गोंधळ होतो."

"काल भिंती रंगवल्या! रंगाऱ्यानं काढून ठेवली असणार."

ती गुडघ्यांवर बसून कोपरे धुंडाळू लागली. खिडकीच्या कठड्यावर, चुन्यानं माखलेली ती टोपी मिळाली. तिनं ओढणीनं पुसली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. त्यानं न बघताच फिरवून बसवली. खालचे दोन कम्प्युटर एकमेकांना दिसू लागले. वरचा मात्र अजूनही एकटाच.

"तिन्हींवर ग्रुपचं नाव एकच हवं. खालचं आणि इथलं वाचा. एकेक अक्षर."

आम्रपाली खाली पळाली, परत वर आली. स्क्रीनवर बोट ठेवून वाचू लागली. "खाली आहे, एस, ए, एन, जी, एल, आय. सांगली. आणि इथं... एस, ए, एन, जी, ए— थांबा! इथं एक ए जास्त आहे!"

"म्हणजे काल कुणीतरी खटपट करताना चुकीचं टाईप केलं, आणि हा बिचारा भलत्याच गावात राहतोय. शेजारी दिसणार कसे?"

"मला सांगा, कसं पुसायचं?"

त्यानं सांगितलं, तिनं पुसलं. कम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. स्क्रीनवर खिडकी उघडली... आणि एकाखाली एक तिन्ही नावं उभी राहिली.

"दिसले!" ती ओरडली. "अहो, दिसले सगळे!"

"तुम्ही सांगताय म्हणजे दिसलेच असणार," तो म्हणाला, आणि तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिला.

दिवसभरात सगळी ऑपरेशनं झाली. आक्काताईचंही झालं. संध्याकाळी राजरत्नला साताऱ्याच्या गाडीत बसवताना आम्रपालीनं विचारलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"थेंब पुन्हा घालू नका, झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आक्काताईची पट्टी सुटली. ती लेकीच्या तोंडाकडे बघतच राहिली. "पोरी, किती वाळलीस गं..." म्हणत तिनं आम्रपालीचे गाल कुरवाळले. दोघी रडत होत्या, हसत होत्या.

"आन् दारात कोन हाय त्यो?"

आम्रपालीनं वळून पाहिलं. राजरत्न!

"जयभीम, आक्का," तो आत आला. "तार... जरा तपासून जावं म्हटलं."

"तार चांगली आहे," आम्रपाली म्हणाली.

"बरं. मग खरं सांगतो." त्यानं आवाज खाली आणला. "काल दिवसभर तुम्ही जवळ होता, आणि जवळचंच मला दिसत नव्हतं. रात्रभर नुसता आवाज आठवत होता. म्हटलं, एकदा नीट बघून यावं."

"मग? बघितलंत?"

"बघतोय अजून..."

तिनं मान खाली घातली. आक्काताईनं मात्र दोघांकडेही अगदी स्वच्छ बघून घेतलं. "जेवल्याबगार जायाचं न्हाई, बाबा," ती म्हणाली.

मग दवाखान्याच्या फोनवर साताऱ्याहून चौकशा येऊ लागल्या. प्रिंटर चालतोय ना? तार उंदरानं कुरतडली नाही ना? आम्रपालीही काहीबाही बिघाड सांगायची. कधी खरा, कधी अर्धामुर्धा. तो यायचा, पाच मिनिटांत काम उरकायचा आणि तासभर चहा प्यायचा. उन्हाळा लागेपर्यंत त्यानं सगळं इतकं नीट करून ठेवलं, की सांगायला काही उरलंच नाही.

"आज काय बिघडलंय?" त्यानं एका दुपारी फोनवर विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच?... मग मी कशाला येऊ?"

रांगेतली माणसं ऐकत होती. आम्रपालीनं त्यांच्याकडे पाठ केली, रिसीव्हर घट्ट धरला.

"माझ्यासाठी या," ती म्हणाली.

"आईला घेऊन येऊ?"

"...या."

रविवारी राजरत्न आईला घेऊन आम्रपालीच्या घरी आला. आक्काताईनं पाहुणीला हाताला धरून आत नेलं. "आवं, तुमच्या पोरापायी ह्ये घर मला पुन्यांदा दिसलं बगा," ती म्हणाली. मग दोघांना शेजारी उभं केलं, त्यांच्यावरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.