पहिला चेंडू कोण घेणार

बसा रे दोघं. मघापासून तुमची कुरकुर ऐकतोय. उद्या सकाळी नवा चेंडू, खेळपट्टीवर हिरवं गवत, आणि सलामीला जाणारे हे दोन वीर आत्ताच भांडतायत, ‘पहिला चेंडू तू घे, मी नाही घेणार.’ लाज वाटली ऐकून. लाइट येईपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर ही वेळ आली त्याच्या धावा अकरा वर्षं मी लिहिल्या. स्कोअररला फलंदाज जितका कळतो तितका त्याच्या बायकोलाही कळत नाही.

काम तसं किरकोळ होतं. एक पट्टी बदलायची होती. पितळेची, वीतभर लांब, चार स्क्रूंवर बसवलेली.

ती बदलायला निघालेल्या माणसाला सगळे साहेब म्हणायचे. ही सवय त्यानेच लावली होती. मी इथे त्याला अरेतुरे करतोय म्हणून दचकू नका, तोंडावर मीही अहोजाहोच करायचो. कसोटीत एकोणीस शतकं, पन्नासच्या घरातली सरासरी आणि नाक आभाळाला टेकलेलं. थोर सलामीवीर कोण कोण झाले असा विषय निघाला की साहेब जांभई द्यायचा. हा ऑफ स्टंपबाहेर चाचपडायचा, त्याला उसळते चेंडू झेपत नव्हते, तो नुसता नशिबाचा धनी. त्याच्या मते थोर सलामीवीर जगात एकच झाला, आणि तो रोज दाढी करताना त्याला आरशात भेटायचा.

त्याचा जोडीदार म्हणजे ठोकळा. हे नावही साहेबानेच ठेवलेलं. बुटका, अबोल माणूस. दिवसभर उभा राहून चाळीस धावा करायचा आणि तेवढेच चट्टे अंगावर घेऊन परत यायचा. साहेब म्हणायचा, “याला बॅट कशाला देता? दाराची फळी द्या, तेवढीच कामाची.” आणि सगळे हसायचे. हसणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू?

आता सलामीचं तुम्हाला सांगायला नको. दोघं बरोबर चालत जातात, पण पहिला चेंडू एकालाच येतो. नवा, कडक, लालबुंद. खेळपट्टी आज काय करणार हे देवालाही ठाऊक नसतं. तो चेंडू जो खेळतो त्याचं नाव वहीत पहिलं. त्या दोघांनी चौऱ्याण्णव डावांची सुरुवात केली, आणि माझ्या वहीत चौऱ्याण्णव वेळा पहिलं नाव ठोकळ्याचं आहे. साहेब लोकांना सांगायचा, ठोकळ्याचा तसा शकुन आहे. शकुन कसला डोंबलाचा! साहेबाची तंतरायची. दोन षटकं ठोकळ्याने अंगावर झेलली की मग साहेबाचे ते डौलदार फटके सुरू.

चौऱ्याण्णवाव्या डावाआधी क्षेत्ररक्षण करताना ठोकळ्याचं बोट मोडलं. आभाळ भरून आलेलं. मी पायऱ्यांपाशी वही घेऊन बसलो होतो. दोघं उतरत होते, तेव्हा अकरा वर्षांत पहिल्यांदा ठोकळा म्हणाला, “आज तू घे.”

“तूच घे रे, तुला सवय आहे,” साहेब म्हणाला. थांबलासुद्धा नाही. भराभर चालत पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

पहिलाच चेंडू उसळला आणि त्याच हातावर बसला. पंजाचा चुरा झाला. ठोकळ्याने पुन्हा बॅट धरली नाही. गेल्या वर्षी तो वारला. साहेब घरी भेटायलाही गेला नाही. पेपरवाल्यांनी फोटो मागितला तेव्हा मात्र पाठवला, स्वतःचा एकट्याचा.

तर आता पट्टीचं. मैदानाच्या कमिटीने पॅव्हेलियनच्या बोळात थोर सलामीच्या जोड्यांचे फोटो लावायचं ठरवलं. दोघं फलंदाजीला निघालेले असा फोटो, खाली पट्टी, पट्टीवर वहीतल्या क्रमाने दोन नावं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब बघायला आला आणि भडकला.

“माझं नाव खाली? त्या ठोकळ्याच्या खाली?”

सेक्रेटरी चाचरत म्हणाला, “साहेब, वहीत तसंच आहे.”

“वही लिहिणाऱ्या कारकुनाने मला क्रिकेट शिकवू नये.”

तो कारकून म्हणजे अस्मादिक. मी तिथेच उभा होतो.

साहेबाने संध्याकाळी दुसरी पट्टी करून घेतली. आपलं नाव वर, ठसठशीत मोठ्या अक्षरांत. नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. रात्री पावणेअकराला त्याची गाडी फाटकाशी आली. रखवालदार म्हणाला, “साहेब, सकाळी सुतार येतोच आहे.”

“तुला विचारलं? दिवा लाव आणि बाहेर बस.”

बोळ लांबलचक आहे, जवळजवळ खेळपट्टीएवढा. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ताज्या रंगाचा वास. या टोकाला ड्रेसिंग रूमचं बंद दार, त्याच्याशेजारी या दोघांचा फोटो. पलीकडच्या टोकाला एकच दिवा, आणि बाहेरून आत यायचं दार तिथेच बाजूला. साहेबाने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसराही. चौथा काही केल्या हलेना.

साहेब हसला. फोटोतल्या ठोकळ्याकडे बघून म्हणाला, “मेलास तरी जागा सोडत नाहीस होय रे?”

आणि दिवा गेला.

रखवालदाराला शिवी हासडायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात मागे फरशीवर आवाज झाला. टक. टक. खिळ्यांच्या बुटांचा. पायऱ्या उतरताना व्हायचा तसा.

“कोण आहे?”

टक... टक...

“गाढवा, तुला बाहेर बस म्हटलं ना!”

आवाज थांबला. अगदी शेजारी. डाव्या बाजूला. ठोकळा नेहमी डावीकडून चालायचा. साहेबाला मलमाचा वास आला. दुखऱ्या हाताला चोळतात त्या मलमाचा. मग कानाशी, हळू, अजिबात राग नसलेल्या आवाजात...

“आज तू घे.”

   आणि साहेब काय म्हणाला, माहीत आहे?

“तू... तूच घे.”

ऐकलंत? शेजारी मेलेला माणूस उभा आहे, आणि या थोर सलामीवीराला सुचतंय काय, तर तूच घे! थुंकावंसं वाटतं.

चौऱ्याण्णव वेळा ठोकळा निमूटपणे गेला होता. या वेळी...

काहीच नाही. शांत.

मग टक. टक. टक. पावलं निघाली. दूर. पलीकडच्या टोकाला. साहेब ज्या टोकाला उभा राहायचा, तिथे. आणि थांबली.

या टोकाला साहेब एकटा. मागे बंद दार. हातात स्क्रू ड्रायव्हर.

मग त्याच्याही पलीकडून... जिथे बोळ संपतो, भिंत आहे, त्या भिंतीच्याही मागून... कोणीतरी धावत यायला लागलं. जड पावलं. वेग वाढत होता. जवळ. आणखी जवळ. ती धाव काय आहे, हे साहेबाला कळलं. सलामीवीराला झोपेतही कळतं.

उडी.

...

रखवालदाराने बाहेर एकच आवाज ऐकला. धप्प. तो टॉर्च घेऊन आत धावला. साहेब दाराशी, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर हात घेऊन बसलेला. बोळात चिटपाखरू नव्हतं. चेंडू तर नव्हताच. ड्रेसिंग रूमचं दार कुलूपबंद होतं, किल्ली रखवालदाराच्या कमरेला.

सकाळी सहाला माझा फोन वाजला. साहेबाचा. जन्मात पहिल्यांदा. “जरा घरी येता का? हात वर होत नाहीये. शर्ट घालायचाय.” तेव्हा त्याने हे सगळं मला सांगितलं. खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं? त्या ‘तूच घे’मध्ये तर उरलीसुरली अब्रू गेली. वर म्हणाला, “ती पट्टी होती तशीच पक्की करून टाका. नाव त्याचंच वर राहू दे.” तीन स्क्रू मी माझ्या हाताने परत बसवले.

पण त्याआधी त्याला शर्ट चढवायचा होता. अंगातला रात्रीचा सदरा उतरवला आणि हात थांबले माझे. चेंडूएवढा गोल डाग. काळानिळा. मधोमध शिवण उमटलेली, एकेक टाका मोजता येईल अशी. चेंडू नवाच असणार. जुन्या चेंडूची शिवण इतकी स्वच्छ उमटत नाही, हे मी आयुष्यभर बघत आलोय.

ठोकळ्याच्या अंगावर असे डाग मी शेकड्यांनी पाहिले होते. सगळे छातीवर, बरगड्यांवर, दंडावर.

हा पाठीवर होता.